अमडापूरचा अर्धा निरोप

त्याला लोक आपण होऊन सांगायचे, मला विचारून विचारून काढावं लागायचं. आम्हा दोघांत फरक एवढाच होता. पण त्या फरकापायी मी जे केलं ते भोगलं तिसऱ्याच माणसानं. ते आता लिहून ठेवतो. तो आज नाही, आमचे सिनियर नाहीत, त्या दोन घरांतली बहुतेक माणसं नाहीत. मी आहे आणि ती आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. बुलढाण्याच्या कोर्टात आम्ही दोघं एकाच सिनियर वकिलांच्या हाताखाली होतो. मी पुण्याहून वकिलीची परीक्षा देऊन आलेलो. तिथल्या होस्टेलात माझ्या ‘मले-तुले’वर पोरं हसायची, म्हणून मी ती बोली जिभेवरून घासून काढली होती. तो नागपूरला शिकला आणि गेला तसाच बोलत परत आला. तोंडात पान, कोटाच्या खिशात सुपारीचा चुरा, पेशीला हमखास उशीर. त्याच्या फायली मी लावायचो. एखादं कलम विचारलं तर म्हणायचा, “ते तू सांग बे, तुह्या डोक्यात पुस्तक हाय.” नम्र वगैरे तो मुळीच नव्हता. एखाद्या नवरा-बायकोचं जमवून आला की चहाच्या टपरीवर पाय पसरून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, “आज एक घर सांधलं बाप्पा. चहा पाजा कोणीतरी.” आणि कोणीतरी पाजायचं.

नांदायला येण्याचे दावे तेव्हा आमच्याकडे बरेच यायचे. बायको माहेरी निघून गेली, तिनं परत यावं म्हणून नवऱ्यानं कोर्टात जायचं. सिनियरांना हे दावे लढवायला आवडत नसत. “हुकूमनामा मिळवून दिला,” ते म्हणायचे, “तर तो काय तिचा हात धरून घरी आणतो का? बोलून पाहा आधी.” आणि बोलायला ते त्याला पाठवायचे. मी लेखी काम करायचो. माझं अक्षर चांगलं होतं, इंग्रजी चांगलं होतं, निवाड्यांचे दाखले तोंडपाठ होते. सुरुवातीला मला वाटायचं, बरंच झालं, खरं वकिलीचं काम माझ्याकडे आहे. मग एक दिवस न्यायाधीशांनी चेंबरमध्ये सिनियरांना सांगितलेलं दारातून ऐकलं: “अशा कामांत तुमच्या त्या ज्युनियरला पुढे करत जा. त्याला माणसांशी बोलता येतं.” त्या दारात फायली घेऊन मीही उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो. तो जे करतो ते मलाही यायला पाहिजे होतं. कोर्टाच्या व्हरांड्याला लागून आमची बसायची खोली होती, तिच्या खिडकीतून सगळं दिसायचं. पक्षकार पायरीवर बसला असेल तर तो त्याच पायरीवर बसायचा. “का” असं कधी विचारायचा नाही. समोरचा बोलता बोलता थांबला की त्याचेच शेवटचे दोन शब्द सावकाश परत म्हणायचा आणि पान चघळत गप्प राहायचा. ते गप्प राहणं मला फार जड वाटायचं. मी असतो तर तीन प्रश्न विचारून मोकळा झालो असतो.

मी करूनही पाहिलं. मेहकरकडचा एक म्हातारा पायरीवर बसला होता, त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो धडपडत उठला, खांद्यावरच्या शेल्यानं पायरी झटकली आणि म्हणाला, “साहेब, तुमी बसा ऐसपैस, मी खाली बसतो.” खिडकीतून आमचा तो पाहत होता. दिवसभर हसला. “अरे, त्याले वाटलं, तू त्याची जागा जप्त कराले आला.” मीही हसलो. घरी गेल्यावर जेवलो नाही.

ते अमडापूरचं प्रकरण त्याच सुमारास आलं. नवरा अमडापूरचा, भाजीपाला करणारं घर, आमचा पक्षकार. बायको धामणगाव बढ्याची, म्हणजे घाटाखालची. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली. सासूचं आणि तिचं काही फाटलं होतं असं नवरा सांगत नव्हता, मारहाण नव्हती, देण्याघेण्याची तक्रार नव्हती. एक दिवस तिचा बाप भेटायला आला आणि ती त्याच्यासोबत निघून गेली. आम्ही नोटीस पाठवली, दावा टाकला. तिच्या वकिलांनी उत्तर दिलं ते कागदावर बरोबर होतं, पण त्यातून काहीच कळत नव्हतं. न्यायाधीश म्हणाले, दोन्ही बाजूंनी बोलून पाहा. तिचे वकील वयस्क होते. ते आमच्या त्याला म्हणाले, “जा, तूच बोल तिच्याशी. माझ्यापुढे ती फक्त मान हलवते.”

ती व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती, बाप जरा पलीकडे. तो जमिनीवर बसला. मी खिडकीशी होतो.

“बाई,” त्यानं विचारलं, “त्या दिवशी घरी काय रांधलं होतं?”

तिनं मान वर केली. “पोया.”

“कोणी केल्या?”

“म्याच केल्या. पाहुणे होते. नणंदेले पाहाले आले होते.”

“मंग बाबानं किती खाल्ल्या?”

ती काही बोलेना. तोही बोलेना. मग ती म्हणाली, “बाबानं राती उरलेली भाकर खाल्ली. कोठ्यात बसून.”

“कोठ्यात बसून,” तो म्हणाला.

पलीकडून बाप म्हणाला, “जाऊ दे ना माय, माह्या पोटात काय दुखलं नाही त्यानं.”

“तुमच्या पोटात नसंल दुखलं,” ती म्हणाली आणि मग सगळं बोलली. बापाचं धोतर थिगळाचं होतं. नव्या सोयऱ्यांनी ते पाहू नये म्हणून सासूनं त्याला गोठ्यात बसवलं, आणि तिनं स्वतः लाटलेल्या पोळ्या आत पाहुण्यांच्या ताटात गेल्या. बैलांच्या शेजारी बसून बाप भाकर खाताना तिनं दारातून पाहिला.

“आता बुढीनं काय करावं?” त्यानं विचारलं. “माफी मांगावी?”

“नाही. वडील बाईनं माफी काऊन मांगावी? तिनं आमच्या घरी यावं. आमच्या चुलीवरचं दोन घास खावं. मंग मी तिच्यासंगं जाईन, त्याच एष्टीनं. नवरा नको मले न्यायले. तिनं यावं.”

एवढंच. तीन पेश्या झाल्या, माझ्या हातून कितीतरी कागद लिहून झाले, आणि सगळं प्रकरण सासू एकदा जेवायला येण्यावर अडलं होतं. दिवस ठरला, पुढचा बुधवार. तो खोलीत आला, खिडकीकडे बघून म्हणाला, “ऐकलं का बे?” मी म्हटलं, नाही, मी मसुदा लिहीत होतो. मी सगळं ऐकलं होतं. एवढं साधं मला का सुचलं नाही, याचाच विचार करत होतो.

अमडापूरला निरोप घेऊन तोच जाणार होता. पण त्याच्या गावाहून वडील आजारी असल्याचा सांगावा आला आणि त्याला निघावं लागलं. सिनियर मला म्हणाले, तू जा. स्टँडवर तो माझ्या गाडीच्या खिडकीशी उभा राहून मला समजावत होता, गाडी सुरू झाली तरी. “बुढीले एकटीले गाठ. पोरासमोर नको सांगू, तिले लाज वाटंल. कोठ्याचं नाव काढू नको. नुसतं सांग, सुनेनं तुमाले जेवाले बोलावलं. लक्षात राहीन ना?”

राहीन ना, असं त्यानं मला विचारलं. माझ्या डोक्यात पुस्तक आहे असं म्हणणाऱ्यानं.

गाडीत बसलो तेव्हा माझ्या मनात काही पक्कं नव्हतं, हे खरं सांगतो. पण बुधवारी काय होईल ते मला दिसू लागलं. सासू-सून हसत एष्टीतून उतरतील, पुढच्या पेशीला दावा काढून घेतला जाईल, न्यायाधीश चष्म्यावरून त्याच्याकडे पाहतील, टपरीवर तो पाय पसरून बसेल. आणि निरोप कोणी नेला हे कोणी विचारणारसुद्धा नाही. अमडापूर येईपर्यंत मी स्वतःला समजावून टाकलं होतं की म्हातारी काही या वयात व्याह्याच्या दारी जेवायला जाणार नाही. तिला विचारणं म्हणजे जमत आलेलं मोडणं. त्यापेक्षा नवऱ्याला पाठवावं, बायको नवऱ्याला पाहून विरघळेल. आणि तसं झालं तर ते माझं डोकं.

म्हातारी वांग्याच्या वावरात होती. मुलगा माल घेऊन चिखलीला गेला होता, म्हणजे ती एकटीच होती, त्यानं स्टँडवर सांगितलं होतं अगदी तशी. लुगड्याला हात पुसत आली, मला पाणी दिलं, बाज टाकली. मी म्हटलं, “तुमच्या सुनेनं यायचं कबूल केलं आहे. बुधवारी मुलाला धामणगावला पाठवा.”

“खरं म्हनता?” ती मटकन खालीच बसली. मग थोड्या वेळानं म्हणाली, “मी जाऊ का त्याच्यासंगं? व्याह्याची बी भेट होईल. त्या दिवशी पाहुण्यायच्या गडबडीत माह्याकून जरा…” तिनं हातातलं वांगं फिरवलं, पुढं बोलली नाही.

मी त्या वेळी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं. इतके दिवस खिडकीत उभा राहून तेवढंच तर शिकत होतो. पण मी म्हणालो, “तुम्ही कशाला? तुम्ही गेलात तर बोलण्यातून बोलणं वाढायचं. मुलगा एकटा गेला तर बरं.”

“असं म्हनता?” ती म्हणाली. “मंग ऱ्हाऊ द्या. तुमी शिकलेले, तुमाले समजते.”

निघताना तिनं माझ्या पिशवीत वांगी भरली. घरी आईनं भरीत केलं. मी खाल्लं.

बुधवारी नवरा नवं लुगडं घेऊन धामणगाव बढ्याला गेला. तिच्या घरी पुरण घातलं होतं. ती एष्टीच्या थांब्यावर आली होती, हे मला पुढे कळलं. गाडीतून तो उतरला, मग दुसरी माणसं उतरली, मग कंडक्टरनं दार लावून घेतलं. तिनं नवऱ्याला घरी नेलं, पोटभर जेवू घातलं, लुगडं त्याच्या पिशवीत परत ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. पुढच्या पेशीला न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मले नांदायचं नाही.” तिच्या वकिलांनाही ते नवीन होतं.

सिनियर चिडले. माझ्यावर नाही, त्याच्यावर. “तू अर्धंमुर्धं ऐकतोस आणि गावभर सांगत फिरतोस. तिला नवरा नको होता की काय, हेसुद्धा तुला कळलं नाही?” तो बाहेर पडला. व्हरांड्यात मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, “तू बुढीले जेवाचं सांगितलं होतं ना?”

“सांगितलं,” मी म्हटलं. “ती नाही म्हणाली. म्हणाली, मी कोणाच्या दारी जेवायला जाणार नाही.”

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्याला संशय यायला पाहिजे होता असं मला आजही वाटतं. आला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या डोक्यात माणसाविषयी असलं काही यायचंच नाही, आणि तेसुद्धा मला तेव्हा सहन होत नव्हतं. तो तसाच स्टँडवर गेला. बापलेक गाडीची वाट पाहत होते. त्यानं तिला सांगितलं की तुझा निरोप दिला होता, सासू नाही म्हणाली. तिनं चार लोकांत त्याला झापलं. “आधी मले कबूल केलं आन् आता हे सांगता? तुमी बोलाले लावून माणसाच्या तोंडातून काढून घेता आन् मंग वाऱ्यावर सोडता. यापरीस ते दुसरे वकील बरे, ते काही विचारतच नाहीत.” दुसरे वकील म्हणजे मी. स्टँडवरच्या पानवाल्याकडून मला हे कळलं.

दोन्ही घरांत पंच बसले, फारकत झाली. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. आमच्या त्यानं घरगुती दावे सोडले. सिनियरांना म्हणाला, मला नाही जमत, मला शेतीच्या मोजणीची कामं द्या. मग ते दावे माझ्याकडे आले.

आणि मला ते जमू लागले. ही गोष्ट लिहायला सगळ्यांत कठीण आहे. मी व्हरांड्यात जमिनीवर बसू लागलो. काय रांधलं होतं ते विचारू लागलो. शेवटचे शब्द परत म्हणू लागलो. माझी जुनी बोली परत आणली. ती परत यायला वेळ लागला, पण आली. कितीतरी घरं सांधली असतील. तो मोजणीचे नकाशे काखेत मारून समोरून जायचा, कधी थांबून ऐकायचा आणि म्हणायचा, “आता बरोबर करून राह्यला बे तू.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चोराला मालकानं शाबासकी द्यावी तसं वाटायचं, आणि मालकाला आपला माल ओळखू येत नाही याचा रागही यायचा.

तो गेला तेव्हा मी त्याच्या शोकसभेत बोललो. त्याच्या विनोदांविषयी बोललो.

पुढे कोर्टांत मध्यस्थीची केंद्रं निघाली, तरुण वकिलांना शिकवण्यासाठी माझ्यासारख्या जुन्या माणसांना बोलवू लागले. भिंतीवर प्रोजेक्टरची चित्रं पडायची, मुली-मुलं वह्या घेऊन बसायची. मी त्यांना अमडापूरची गोष्ट सांगायचो. व्हरांड्यात जमिनीवर बसणारा वकील मी असायचो. आणि सासू यायची. बुधवारच्या गाडीतून उतरायची, पुरणपोळी खायची, सून तिच्यासोबत त्याच एष्टीनं जायची. पहिल्यांदा सांगितली तेव्हा वाटलं होतं, शिकवायला शेवट गोड असलेला बरा. नंतर तसंच सांगत गेलो. टाळ्या पडायच्या.

अशाच एका शिबिरात चहाच्या वेळी एक मुलगी जवळ आली. लोणारची होती, नुकतीच सनद घेतलेली. “सर, धामणगाव बढ्याची ती बाई म्हणजे माझ्या आजोबांची बहीण वाटते. गोठ्याचं, भाकरीचं सगळं तेच. पण आमच्या घरी सांगतात, सासू आलीच नव्हती. आजी आमच्याकडेच असतात.”

“दुसरी कोणी असेल,” मी म्हटलं.

“असेल,” ती म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. तसं गप्प राहायला मीच तिला सकाळी शिकवलं होतं.

मी लोणारला गेलो, पण त्याआधी मध्ये एक उन्हाळा गेला. धामणगावच्या त्या बाईच्या भावाचं तिथं किराणा दुकान होतं, आता त्याचे नातू चालवतात. ती दुकानामागच्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगितलं, कोर्ट सांगितलं. तिनं ओळखलं. “ते दुसरे वकील,” ती म्हणाली. “बसा.”

मी सांगायला लागलो ते सरळ सांगितलं. मध्ये तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. म्हातारीनं ‘मी जाऊ का’ म्हणून विचारलं होतं, इथवर आलो तेव्हा थांबवलं.

“तिनं विचारलं?”

“हो.”

“तिच्या तोंडानं?”

“हो. आणि त्या दिवशी गडबडीत चुकलं, असं म्हणत होती. मी पूर्ण बोलू दिलं नाही.”

तिनं हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाली, “ती मेली तवा मले निरोप आला होता. सांगून ठेवलं होतं म्हणे तिनं, की मले कळवा. मी गेली नाही. म्हटलं, जित्तेपणी जे माह्या दारी आलं नाही, त्याच्या मातीले मी कायले जाऊ.” तिनं सूप बाजूला सारलं. “तुमी हे मले आता काऊन सांगून राह्यले? तुमाले हलकं व्हाचं म्हनून?”

मी म्हटलं, हो, तसंच असेल.

“माह्यानं कोणी हलकं होत नाही आता. त्या पानवाल्या वकिलाले मी किती बोलली. त्याची काही चूक नव्हती?”

“काहीच नव्हती.”

“हाय का तो?”

“नाही.”

“नात सांगत होती, तुमी लोकायले सांगता की माही सासू आली होती म्हणे. जेवली म्हणे.” तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “ज्यायच्यापुढं तुमी तिले जेवाले बसवलं, त्यायलेच सांगा की ती आली नव्हती. आन् काऊन आली नव्हती ते बी सांगा. बुढीवर आळ नको. मी इतकी वर्षं घातला तो मी निस्तरीन. तुमी तुमचं पाहा.”

चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

पुढच्या शिबिरात मी सांगितलं. सगळं, वांग्यांसकट. लोणारची ती मुलगी मागच्या रांगेत होती.  मला वाटलं होतं, कोणी उठून जाईल, कोणी आयोजकांकडे तक्रार करील. तसं काही झालं नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला.

“सर, ते पान खाणारे वकील, ते आणखी कसं कसं बोलायचे? त्यांचं अजून सांगा ना.”

बाकीच्यांनीही वह्या उघडल्या. माझ्या छातीत तेच जुनं कळकट काहीतरी हललं. एवढं सगळं कबूल करूनही पोरांना तोच हवा होता. मी पाणी प्यायलो आणि त्याच्याविषयी सांगायला लागलो. जेवणाची सुट्टी झाली तरी पोरं उठली नाहीत, मला सांगत राहावं लागलं.